तहांच्या गावांतून : रापालो ते व्हर्साय

कल्याणच्या महाविद्यालयात मी २८ वर्षे इतिहास शिकवला. दोन महायुद्धांमधल्या तहांचे प्रकरण दर वर्षी यायचे आणि मुले साल, ठिकाण आणि कलमे पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवायची. सही करणाऱ्या प्रत्येक देशाला त्या कागदातून नेमके काय हवे होते, हा प्रश्न मी वर्गात आवर्जून विचारत असे. पण अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत त्याला पुरेसा वेळ कधीच मिळाला नाही. निवृत्तीनंतर म्युनिकला नोकरी करणारा माझा भाचा म्हणाला, "मावशी, तुझी ती तहांची गावं एकदा पाहून येऊ या." जर्मनीच्या पश्चिम सीमेची हमी देणाऱ्या १९२५ च्या लोकार्नो कराराला शंभर वर्षे पूर्ण झाल्याने ऑक्टोबर महिना ठरला. व्हिसा, तिकिटे आणि हॉटेले यांचे सगळे त्याने पाहिले आणि ते सुरळीत पार पडले, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

पहिला दिवस : सांता मार्गेरिता आणि रापालो

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या मध्यातही ऊन उबदार होते. सांता मार्गेरिता ते रापालो हे अंतर साधारण तीन किलोमीटर असून रस्ता समुद्राला बिलगून जातो, त्यामुळे आम्ही ते पायीच कापले. "रापालोचा तह" म्हणून जो प्रसिद्ध आहे, तो प्रत्यक्षात सांता मार्गेरितातल्या इम्पीरियल पॅलेस हॉटेलात झाला. आजही ते मोठे हॉटेल आहे. फाटकातून वर पाहिले की झाडांमधून त्याची भव्य दर्शनी बाजू दिसते.

१९२२ च्या एप्रिलमध्ये युरोपच्या आर्थिक पुनर्रचनेसाठी जेनोवा येथे मोठी परिषद भरली होती. पराभूत जर्मनी आणि बोल्शेविक रशिया या दोघांनाही बोलावणे होते, पण दोघेही पंगतीच्या टोकाला बसवलेल्या पाहुण्यांसारखे होते. जर्मनीच्या पराभवानंतर १९१९ मध्ये झालेल्या व्हर्सायच्या तहातील कलम ११६ नुसार रशियाला जर्मनीकडून भरपाई मागण्याचा हक्क राखून ठेवलेला होता. ब्रिटन आणि फ्रान्स रशियाशी परस्पर समझोता करतील आणि झारच्या काळातील कर्जाच्या बदल्यात तो हक्क रशियाच्या हाती देतील, अशी धास्ती जर्मनांना वाटत होती. रशियाला उलट भीती होती, की सगळे भांडवलशाही देश एकत्र येऊन जुने कर्ज आपल्याकडून वसूल करतील. ईस्टरच्या आदल्या मध्यरात्रीनंतर रशियन शिष्टमंडळाचा दूरध्वनी आला आणि परराष्ट्रमंत्री राथेनाऊ यांच्या खोलीत जर्मन अधिकारी रात्रीच्या कपड्यांतच खल करत बसले. त्याच ईस्टरच्या दिवशी, १६ एप्रिलला, राथेनाऊ आणि रशियाचे परराष्ट्रमंत्री चिचेरिन यांनी सह्या केल्या. दोघांनी एकमेकांवरचे दावे सोडले आणि राजनैतिक संबंध पुन्हा जोडले. पुढे त्याच वाटेने जर्मन सैन्याला रशियात लिपेत्स्क येथे वैमानिक आणि कझानजवळ रणगाडा-पथके गुपचूप तयार करता आली, कारण व्हर्सायच्या तहाने जर्मनीत या दोन्ही गोष्टींना मनाई होती. राथेनाऊ यांची मात्र २४ जूनला बर्लिनमध्ये अतिरेकी राष्ट्रवाद्यांनी हत्या केली.

वाटेत सान मिकेले दी पगाना नावाची लहानशी वाडी लागते. तिथल्या एका व्हिलात १२ नोव्हेंबर १९२० रोजी रापालोच्या नावाचा आणखी एक तह झाला होता, इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्यातला. फिउमे शहर दोघांनाही हवे होते आणि त्या तहाने ते कोणालाच न देता स्वतंत्र राज्य ठरवले. चार वर्षांच्या आत इटलीने ते घेतले.

शाकाहारी प्रवाशांना लिगुरियात अडचण येत नाही. हरभऱ्याच्या पिठाची, तांब्याच्या मोठ्या परातीत भाजलेली फरिनाता आम्ही दोनदा खाल्ली. ती आपल्या धिरड्याची जाडजूड बहीण म्हणावी इतकी ओळखीची लागते. भट्टीवरच्या आजीबाईंना मी खुणेने विचारले की यात हळद आहे का. त्यांनी हसून हरभऱ्याच्या पिठाची पिशवीच समोर धरली.

दुसरा दिवस : जेनोवातून स्त्रेसाकडे

सकाळी जेनोवाच्या बंदरावरचा पालाझ्झो सान जॉर्जो बाहेरून पाहिला. रंगवलेल्या भिंतींच्या या जुन्या वास्तूत १९२२ च्या परिषदेचे उद्घाटन झाले होते. नंतर पावसाने जो ताल धरला, तो मिलान येईपर्यंत सोडला नाही. संध्याकाळी स्त्रेसाला पोहोचलो तेव्हा माज्जोरे सरोवर ढगांनी झाकलेले होते आणि समोरची बेटे दिसत नव्हती.

तिसरा दिवस : इझोला बेल्ला

पहाटे आभाळ निवळले आणि खिडकीतून इझोला बेल्ला हे बेट पाण्यावर तरंगत असल्यासारखे दिसले. बोटीने दहा मिनिटांत पोहोचलो. बोर्रोमेओ घराण्याचा प्रासाद, दहा टप्प्यांची उतरती बाग आणि त्या बागेत फिरणारे पांढरे मोर पाहून भाचा हरखून गेला. पांढरा मोर आम्ही दोघांनीही पहिल्यांदाच पाहिला. हा प्रासाद हिवाळ्यात बंद असतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या आधीच जाणे योग्य.

मला पाहायची होती ती इथली संगीतशाळा. १९३५ च्या मार्चमध्ये हिटलरने सक्तीच्या लष्करभरतीची घोषणा करून व्हर्सायचा तह उघडपणे मोडला आणि ११ ते १४ एप्रिल या दिवसांत ब्रिटन, फ्रान्स आणि इटली यांचे प्रमुख या दालनात जमले. ब्रिटनचे रॅम्से मॅक्डोनाल्ड आणि जॉन सायमन, फ्रान्सचे फ्लाँदँ आणि लाव्हाल आणि यजमान मुसोलिनी. तिघांनी लोकार्नो कराराला पुन्हा पाठिंबा दिला, ऑस्ट्रियाचे स्वातंत्र्य आवश्यक असल्याचे सांगितले आणि एकतर्फी करारभंगाला विरोध करण्याचे जाहीर केले. फ्रान्सला जर्मनीविरुद्ध इटलीची साथ हवी होती. ब्रिटनला जर्मनीशी बोलण्याचे दार बंद होऊ द्यायचे नव्हते. मुसोलिनीला आफ्रिकेत मोकळा हात हवा होता. म्हणून जाहीरनाम्यात शांतता "युरोपची" असा शब्द आला, तेव्हा त्याने त्या शब्दावर जोर दिला. अबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा, विषय मुख्य बैठकीत कोणीही काढला नाही आणि ते मौन त्याने संमती समजले. दोनच महिन्यांनी, १८ जूनला, ब्रिटनने मित्रांना न विचारता जर्मनीशी नौदल करार केला आणि ब्रिटिश आरमाराच्या ३५ टक्क्यांपर्यंत आरमार बांधण्याची तिला मुभा दिली. ३ ऑक्टोबरला इटलीचे सैन्य अबिसिनियात घुसले.

त्या दालनात मी बराच वेळ उभी राहिले. इतक्या सुंदर खोलीत, इतक्या निवांत बेटावर, एका दूरच्या देशाचे भवितव्य त्याचे नावही न घेता ठरले, ही गोष्ट मनातून जात नव्हती.

दुपारी सरोवरातून उत्तरेकडे बोटीने निघालो. प्रवास काही तासांचा आहे आणि शरद ऋतूत फेऱ्या कमी होतात, म्हणून वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. मध्येच इटली संपून स्वित्झर्लंड सुरू होते, पण पाण्यावर सीमारेषा कुठेच दिसत नाही.

चौथा दिवस : लोकार्नो

संपूर्ण प्रवासात मी ज्या गावाची वाट पाहत होते, ते हेच. पियात्झा ग्रांदे या मोठ्या चौकात सकाळी भाजलेल्या चेस्टनटचा वास भरून राहिला होता. लोखंडी पिंप फिरवत चेस्टनट भाजणाऱ्या गृहस्थांनी कागदाच्या पुडीत गरम दाणे दिले आणि आम्ही भारतातून करारासाठी आलो आहोत हे कळल्यावर भाच्याशी जर्मनमध्ये बराच वेळ बोलले. त्यांची आजी त्या वेळी शाळकरी मुलगी होती आणि ती सांगायची की बारा दिवस गावात बातमीदारांना झोपायला खाट मिळत नव्हती.

५ ते १६ ऑक्टोबर १९२५ या काळात परिषद ज्या पालाझ्झो देल प्रेतोरियोमध्ये भरली, ती इमारत चौकापासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. ती साधी, सरकारी कचेरीसारखी दिसते. समोरच्या रस्त्याचे नाव मात्र "शांततेचा रस्ता" असे आहे.

जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियम यांनी ऱ्हाइनकडची सीमा बळाने बदलायची नाही असे मान्य केले आणि ब्रिटन व इटली या सीमेचे जामीनदार झाले, एवढे पाठ्यपुस्तक सांगते. फ्रान्स कशासाठी आला होता? युद्धात त्याचे १३ लाखांहून अधिक सैनिक मेले होते आणि लोकसंख्या जर्मनीपेक्षा बरीच कमी होती. १९१९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांनी त्याला संरक्षणाची हमी देऊ केली होती, पण अमेरिकन सिनेटने व्हर्सायचा तहच फेटाळल्याने ती हवेत विरली. १९२३ मध्ये जर्मनीच्या ऱ्हूर खोऱ्यात सैन्य घुसवून त्याने आपल्या बळावर भरपाई वसूल करून पाहिली आणि स्वतःच्या फ्रँकची घसरण पदरात घेतली. म्हणून फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ब्रियाँ यांना ब्रिटनची सही काहीही करून हवी होती. जर्मनीच्या श्ट्रेसेमान यांना ऱ्हूरसारखी घुसखोरी पुन्हा नको होती, ऱ्हाइनलँडमधील परकी फौज लवकर जायला हवी होती आणि ब्रिटन-फ्रान्स यांची स्वतंत्र युती होऊ द्यायची नव्हती. परिषदेच्या महिनाभर आधी, ७ सप्टेंबरला, माजी युवराजाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली उद्दिष्टे स्पष्ट मांडली होती : भरपाईचा प्रश्न सोडवणे, परदेशांत राहिलेल्या एक कोटीहून अधिक जर्मनांचे रक्षण आणि पूर्वेकडील सीमा बदलून घेणे. ते पत्र त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. माझ्या मते श्ट्रेसेमान ढोंगी नव्हते. त्यांना शांतता खरोखरच हवी होती, पण आपल्या देशाचे गेलेले परत मिळवण्याचा मार्ग म्हणून ती हवी होती आणि त्या काळचा कोणताही जर्मन मंत्री याहून कमी मागून टिकला नसता.

ब्रिटनचे ऑस्टिन चेंबरलेन यांना कमीत कमी जबाबदारीत युरोप शांत हवा होता. जर्मनीच्या मधून पोलंडला समुद्रापर्यंत मिळालेल्या पोलिश पट्ट्यासाठी एकाही ब्रिटिश सैनिकाची हाडे धोक्यात घालणार नाही, असे त्यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत लिहिले होते. त्यामुळे पूर्वेच्या सीमेला हमी मिळालीच नाही. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्या पदरात जर्मनीबरोबरचे लवादाचे करार आणि फ्रान्सची वेगळी वचने तेवढी पडली. त्यांचे परराष्ट्रमंत्री स्क्रिन्स्की आणि बेनेश हे मोठ्यांचे बोलणे होईपर्यंत बाजूच्या खोलीत थांबले होते. ही माहिती मी वर्गात कितीदा सांगितली होती, पण त्या इमारतीसमोर उभे राहिल्यावर "बाजूची खोली" हे शब्द मला वेगळ्याच अर्थाने टोचले.

भाच्याने मोबाइलवर कराराचा मजकूर काढला होता. नवव्या कलमाशी तो थांबला. "मावशी, यात भारताचं नाव आहे." खरोखरच होते. त्या कलमानुसार ब्रिटिश डोमिनियन, म्हणजे साम्राज्यातले स्वशासित देश, आणि भारत यांच्या सरकारांनी मान्यता कळवल्याशिवाय त्यांच्यावर या कराराचे बंधन येणार नव्हते. साम्राज्यातील देश युरोपच्या भांडणात पुन्हा ओढले जायला तयार नाहीत, हे लंडनला ठाऊक होते. भारताचे सरकार मात्र भारतीयांचे नव्हते, म्हणून ती मान्यता द्यायची की नाही हे ठरवणारे तरी कोण होते, हा प्रश्न उरतोच.

१० ऑक्टोबरला श्रीमती चेंबरलेन यांच्या वाढदिवसाचे निमित्त करून सारे मंत्री "संत्र्याचे फूल" अशा अर्थाच्या नावाच्या बोटीतून सरोवरावर फिरायला गेले आणि पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) सोळाव्या कलमाची सगळ्यात अवघड गाठ त्या बोटीवरच सैल झाली. आक्रमकाविरुद्ध कारवाईत आपापल्या भौगोलिक आणि लष्करी स्थितीनुसार भाग घ्यायचा, अशी सवलत जर्मनीला मिळाली. रशियाशी जोडलेले नाते तिला तोडायचे नव्हते, हे त्यामागचे कारण. कागदावर आद्याक्षरे उमटली १६ ऑक्टोबरला, ऑस्टिन चेंबरलेन यांच्या स्वतःच्या वाढदिवशी. औपचारिक सह्या १ डिसेंबरला लंडनमध्ये झाल्या.

संध्याकाळी दोरवाटेच्या रेल्वेने मादोन्ना देल सास्सो या ख्रिस्ती मंदिरापर्यंत चढून गेलो. खाली गाव, पलीकडे सरोवर आणि डोंगरांवर पहिले बर्फ. लोकार्नो ज्या तिचीनो प्रांतात आहे, तिथे हॉटेलात उतरणाऱ्यांना सार्वजनिक वाहतुकीचा मोफत पास मिळतो. खोली घेताना तो मागून घ्यावा.

पाचवा दिवस : चेंतोव्हाली रेल्वे आणि लोझान

लोकार्नोहून दोमोदोस्सोलापर्यंत जाणारी चेंतोव्हालीची अरुंदमापी रेल्वे शरद ऋतूत पाहावी. दऱ्या, पूल आणि पिवळी-तांबडी झाडे यांमुळे दोन तास कसे गेले ते कळले नाही. पुढे सिंप्लॉनच्या बोगद्यातून लोझान गाठले. हवा एकदम गार झाली.

लोझानचा तह २४ जुलै १९२३ रोजी पाले द रूमिनमध्ये झाला. वाटाघाटी खाली सरोवराकाठच्या उशी येथील किल्लेवजा वाड्यात चालत असत. पहिल्या महायुद्धात पराभूत झालेल्या तुर्कस्तानावर लादलेला सेव्हरचा तह मुस्तफा केमाल यांच्या सैन्याने रणांगणावर निकाली काढला होता, त्यामुळे इथे तुर्कस्तान बरोबरीने बसले. तुर्कस्तानचे प्रतिनिधी इस्मेत पाशा यांना ऐकू कमी येत असे आणि ब्रिटनचे लॉर्ड कर्झन यांच्या लांबलचक भाषणांनंतर ते आपला मुद्दा जिथे होता तिथूनच पुन्हा सुरू करत. परकीयांना असलेल्या खास न्यायालयीन आणि करविषयक सवलती रद्द करणे, हे तुर्कांचे पहिले उद्दिष्ट होते आणि ते त्यांनी साध्य केले.

पण मला तिथे सर्वांत जड गेला तो ३० जानेवारी १९२३ चा वेगळा करार. ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी आपापले अल्पसंख्य सक्तीने अदलाबदल करायचे ठरवले. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि साडेतीन ते चार लाख मुस्लिम यांची घरे त्यामुळे कायमची सुटली, आणि अनेक जण तर आधीच पळून गेलेले होते. दोन्ही सरकारांना एकजिनसी राष्ट्र हवे होते. माझ्या वर्गात उल्हासनगरची सिंधी मुले असत. त्यांच्या आजी-आजोबांना फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बरॅकीत आणून ठेवले होते. एका विद्यार्थिनीने कराचीच्या घराची किल्ली आजीने जपून ठेवल्याचे सांगितले होते. लोझानच्या सुंदर पायऱ्यांवर मला ती किल्ली आठवली आणि पुढे काही वेळ आम्ही दोघेही बोललो नाही.

सहावा दिवस : जिनिव्हा

राष्ट्रसंघासाठी बांधलेल्या पाले दे नास्योंमध्ये मार्गदर्शकासह फेरी असते. ती आधी आरक्षित करावी लागते आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. बागेत मोर होते, या वेळी आपल्याकडचे निळे.

जुन्या परिषद-दालनाच्या भिंतींवर आणि छतावर होझे मारिया सेर्त यांची चित्रे आहेत. छतावर पाच प्रचंड हात एकमेकांत गुंफलेले आहेत, पाच खंडांचे प्रतीक म्हणून. स्पेनने ही चित्रे १९३६ मध्ये भेट दिली. त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी पेटली. मान वर करून पाहताना त्या हातांचे ताणलेले स्नायू दिसतात, आणि ते धरून ठेवत आहेत की ओढत आहेत, हे मला ठरवता आले नाही.

लोकार्नोमुळेच सप्टेंबर १९२६ मध्ये जर्मनीला याच शहरात राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला आणि ब्रियाँ यांनी बंदुका आणि तोफा दूर करण्याचे आवाहन केले. दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच, ७ मार्च १९३६ रोजी, हिटलरने सैन्य ठेवण्यास मनाई असलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य नेले. जामीनदारांपैकी इटली अबिसिनियाच्या युद्धात गुंतली होती आणि जर्मन स्वतःच्याच अंगणात गेले, असे ब्रिटनमध्ये अनेकांना वाटत होते.

रात्री सरोवरातल्या पर्च माशाचे तळलेले तुकडे भाच्याने खाल्ले. मला बटाट्याचे रोश्टी मिळाले. जिनिव्हा महाग आहे, पण हॉटेलातून मिळणाऱ्या पासमुळे बस आणि ट्राम मोफत होतात.

सातवा दिवस : व्हर्साय

आदल्या रात्री उशिरा पॅरिसला पोहोचून सकाळी उपनगरी गाडीने व्हर्सायला आलो. सोमवारी राजवाडा बंद असतो आणि बागेतल्या त्रियानों वाड्यांची दालने दुपारी बारानंतरच उघडतात, हे ध्यानात ठेवून आखणी करावी.

आरसेमहालात इतकी गर्दी होती की ३५७ आरशांत नुसती माणसेच माणसे दिसत होती. १८ जानेवारी १८७१ ला याच दालनात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती. क्लेमांसो त्या वेळी वेढलेल्या पॅरिसमधल्या माँमार्त्रचे महापौर होते. २८ जून १९१९ ला फ्रान्सचे पंतप्रधान म्हणून त्यांनी जर्मनांना सहीसाठी इथेच आणले आणि चेहरे विद्रूप झालेल्या पाच फ्रेंच सैनिकांना समोर उभे केले. भारताच्या वतीने सह्या केल्या त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी.

दुपारी ग्राँ त्रियानोंच्या कोतेल दालनात गेलो. दोन्ही बाजूंना बागांची चित्रे आणि उंच खिडक्यांतून येणारा सौम्य उजेड. इथेच ४ जून १९२० ला झालेल्या तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश गेला आणि तीस लाखांहून अधिक हंगेरियन सीमेपलीकडे राहिले. रुमानिया, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया यांना ही नवी सीमा टिकवायची होती, म्हणून त्यांनी आपसांत युती केली आणि फ्रान्सने तिला बळ दिले. एक वृद्ध हंगेरियन बाई दालनाच्या टोकाला एकट्या उभ्या होत्या. त्यांच्या आईचे गाव आता रुमानियात आहे, असे त्यांनी इंग्रजीत सांगितले. आम्ही कुठले ते विचारले आणि जाताना माझा हात हातात घेऊन थोपटला.

नंतर कालव्याकाठच्या बाकावर बसून पाव आणि कल्याणहून आणलेली शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मी भाच्याला टिळकांविषयी सांगितले. १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची प्रतिनिधी म्हणून निवड केली. टिळक तेव्हा लंडनमध्येच होते. पॅरिसला जाण्यासाठी पासपोर्ट मिळाला नाही, म्हणून मार्च १९१९ मध्ये त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून स्वयंनिर्णयाचे तत्त्व भारताला लावावे अशी मागणी केली.

"म्हणजे टिळकही बाजूच्या खोलीतच बसले," भाचा म्हणाला.

"नाही रे," मी म्हणाले, "त्यांना ती खोलीसुद्धा मिळाली नाही. ते खाडीपलीकडे लंडनला होते."

त्याने चटणीची बाटली घट्ट बंद केली आणि आम्ही स्टेशनकडे चालू लागलो.